नक्की यायचं हं!

'नक्की यायचं हं!' असं म्हणून कुणी पत्रिका हातात ठेवली, की आपण बायका काय करतो? तारीख बघतो, वार बघतो, त्या दिवशी चतुर्थी-एकादशी तर नाही ना ते बघतो, आणि पत्रिका फ्रिजवर चुंबकाखाली अडकवून कामाला लागतो. लग्नामुंजीची पत्रिका असेल तर प्रश्नच नाही. तिथं आपण कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. वधूची मावशी, वराची चुलतवहिनी, नाहीतर शेजारच्या काकू. पण हल्ली आपल्या घरी दुसऱ्याच पत्रिका येऊ लागल्या आहेत, नाही का? परिषद, मेळावा, अधिवेशन, प्रशिक्षण शिबिर! यजमानांच्या कंपनीचा सहकुटुंब मेळावा, शाळेतल्या शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, पतसंस्थेची सर्वसाधारण सभा, बचतगटांचा तालुका मेळावा. वर्षभरात आपण अशा किती ठिकाणी जाऊन येतो ते बोटांवर मोजून बघा. एका हाताची बोटं पुरणार नाहीत.

तर मैत्रिणींनो, अशा ठिकाणी आपण कोण असतो, हा माझा आजचा विषय आहे.

हे मेळावे आणि परिषदा भरवून देण्याचा आता मोठा व्यवसायच झाला आहे. त्या मंडळींच्या तोंडी एक शब्द सारखा असतो, 'पर्सनलायझेशन'. म्हणजे काय, तर येणाऱ्या प्रत्येकाला असं वाटलं पाहिजे की हा सगळा खटाटोप खास आपल्यासाठीच केलेला आहे. नावनोंदणी करतानाच ते तुमचं नाव, हुद्दा, आवडीचे विषय विचारून घेतात. दारात तुमच्या नावाचा बिल्ला तयार असतो. त्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, तो फोननं टिपला की तुमची सगळी माहिती त्यांच्यापुढे हजर. तुमच्या फोनवर त्यांचं अ‍ॅप. तुमच्या आवडीचं व्याख्यान कुठल्या दालनात आहे, किती वाजता आहे, चहाच्या वेळी तुम्ही कुणाला भेटलात तर उपयोग होईल, हेसुद्धा ते अ‍ॅप सुचवतं. आणि घरी पोचायच्या आत 'आपला अभिप्राय कळवा' असा संदेश!

कल्पना वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट मी म्हणेन, ही कल्पना आपल्याच माजघरातून बाहेर गेलेली आहे. घरात चार माणसं जेवायला यायची असली, तरी आपल्या डोक्यात एक वही उघडलेली असते. भाऊजींना तूप थोडं जास्त, वन्संना वांगं चालत नाही, मामंजींचे दात गेलेत तेव्हा पोळी मऊ हवी, आणि धाकट्या जाऊबाईंना दिवस गेलेत, त्यांना पंक्ती उठेपर्यंत ताटकळत ठेवायचं नाही. हे आपल्याला कुणी शिकवत नाही. मग हीच गोष्ट मोठ्या हॉटेलातले गणवेशवाले लोक यंत्रं लावून करतात, तेव्हा ती अशी कोरडी का होते?

याचं उत्तर मला २०२५ च्या दिवाळीनंतर पुण्यात मिळालं.

आमच्या ह्यांचं विजेच्या उपकरणांचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, टीव्ही, एसी असला माल. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते आणि दुपारी दुकानाचे हिशेब लिहिते. एका कंपनीनं आपल्या विक्रेत्यांचा सहकुटुंब मेळावा भरवला होता. हॉटेल मोठं, थाट मोठा. खोलीतला टीव्ही लावला तर त्यावर ह्यांचं नाव झळकलं, वर 'सुस्वागतम्'. उशीवर चॉकलेटचा डबा, त्यावरही ह्यांचं नाव. नोंदणीच्या टेबलावर ह्यांना नावाचा बिल्ला मिळाला. मलाही मिळाला. त्यावर लिहिलं होतं, 'श्री. अमुकतमुक यांच्यासोबत'.

म्हणजे मी कोण? तर 'सोबत'.

आता एवढ्यातेवढ्यावरून रुसून बसायचं माझं वय राहिलेलं नाही. पण कार्यक्रमपत्रिका उघडली तर तिचे दोन भाग. पुरुषांसाठी सकाळी नवा माल आणि नव्या करांचं व्याख्यान. बायकांसाठी त्याच वेळी मेंदी, केकचं प्रात्यक्षिक आणि मग बसनं खरेदीला. आता बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले होते. एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता. आमच्या गुदामात आधी घेतलेला माल पडून होता. त्यावर आम्ही २८ टक्क्यांनी कर भरलेला, आणि विकायचा मात्र १८ टक्क्यांनी. मधला फरक वहीत कसा दाखवायचा, तो बुडाला की राहिला, या प्रश्नानं दोन महिने माझी झोप उडाली होती. ह्यांची नव्हे, माझी! हे गिऱ्हाइकांशी गोड बोलतात, आकडे माझ्याकडे असतात. आणि त्याच आकड्यांचं व्याख्यान पलीकडच्या दालनात चालू असताना मी हातावर मेंदी काढून घ्यायची!

मी दारापाशी गेले. तिथल्या मुलानं माझा बिल्ला टिपला, त्याच्या यंत्रावर लाल फुली आली. "मॅडम, तुमचा कार्यक्रम तिकडे आहे," तो अगदी नम्रपणे म्हणाला. त्याची तरी काय चूक? यंत्राला जे सांगितलं तेच यंत्र बोलणार.

तेवढ्यात टेबलावरची एक मुलगी उठून आली. असेल बावीस-तेवीस वर्षांची. तिनं विचारलं, "काकू, तुम्हांला काय ऐकायचंय?" मी म्हटलं, "जुन्या मालावरच्या कराचं. दुकानाचे हिशेब मी लिहिते." तिनं एक कोरा बिल्ला घेतला, "तुमचं नाव काय?" म्हणून विचारलं, स्वच्छ मराठी अक्षरात ते लिहिलं आणि मला आत नेऊन तिसऱ्या रांगेत बसवलं. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी माझा प्रश्न विचारला. पूर्वी भरलेला कर आपल्या नावे जमाच राहतो, पुढच्या विक्रीवरच्या करापोटी तो वापरता येतो, असं व्याख्यात्यांनी उदाहरण घेऊन समजावलं. माझ्या मागं बसलेल्या दोघातिघा पुरुषांनीही ते उतरून घेतलं, हे मी हळूच बघून ठेवलं बरं का!

त्या मेळाव्यात चॉकलेटच्या डब्यापासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत सगळीकडे नाव होतं. पण 'तुम्हांला काय हवंय?' हा प्रश्न त्या मुलीखेरीज कुणी विचारला नाही. नाव छापणं सोपं असतं हो, विचारायला मात्र माणूस लागतं. आणि विचारल्यावर जे उत्तर येईल त्याप्रमाणे आपली आधीची आखणी बदलण्याची तयारी लागते. ती तयारी नसेल, तर आपण फुकटचं कशाला विचारायचं?

आमंत्रण आलं म्हणजे आपल्याला जागा मिळाली असं होत नाही, हे फार जुनं दुखणं आहे. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. दुसरी १८८५ साली, पुण्यातच. तिचं आमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं होतं. त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. जे सर्वांना माणसाचे हक्क मोकळ्या मनानं देत नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. आमंत्रण होतं, पण येणाऱ्याच्या सुखदुःखाला तिथं जागा नव्हती.

बायकांचं तर विचारूच नका. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या १९१० साली प्रसिद्ध झाल्या. सभेला जाऊन आल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी कशी ऐकावी लागत, ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्याच रमाबाई १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. पुढे १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, मुलींच्या शिक्षणावर. अशा सभांना आलेल्या बायकांनी मागं घरी काय काय सोय लावून ठेवली असेल, कुणाची बोलणी ऐकून त्या निघाल्या असतील, याचा विचार माझ्या मनात येतो. इतिहासात ठराव लिहिलेले असतात. मूल कुणी सांभाळलं ते लिहिलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, "अहो, घरातल्या चार पानांचं ठीक आहे. शेकडो माणसं आली तर कुणाकुणाला काय काय विचारणार?" माझ्या सासूबाईही हेच म्हणाल्या होत्या. पण त्यांनीच उत्तरही दिलं. त्यांनी वारी केलेली आहे.

आषाढीच्या वारीत आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसं चालतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावून दिली. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. काही रथापुढे, काही रथामागे. त्यामुळे लाखांच्या गर्दीत वारकरी हरवत नाही. तो आपल्या दिंडीतला असतो आणि दिंडीत त्याला नावानं ओळखणारं कुणीतरी असतं. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदार आपला दंड उंच करतो आणि सगळे टाळमृदंग एकदम शांत होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार त्या आवाजाच्या रोखानं जातात, तक्रार ऐकून घेतात, आणि तिचा निवाडा होतो. त्याच वेळी हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात. त्यानंतर आरती!

किती सुंदर रीत आहे बघा. एवढ्या गर्दीत ज्याला काही सांगायचं आहे, त्याच्यापर्यंत चालत जायचं. आधी त्याचं ऐकायचं, मग आरती. आपल्या मेळाव्यांत मात्र आरती, म्हणजे पाहुण्यांचे सत्कार, आधी आणि दीड तास. आणि 'कुणाला काही विचारायचंय का?' हे शेवटी, चपला शोधण्याच्या गडबडीत.

पुण्याहून परतल्यावर महिन्याभरात एक काम माझ्याकडे चालून आलं. आमच्या तालुक्याच्या गावात महिला मंडळानं घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांचा एक दिवसाचा मेळावा ठरवला. पापड, मसाले, शिलाई, गोधड्या, रुखवताचं सामान करणाऱ्या बायका. बँकेचे अधिकारी येऊन कर्जाविषयी सांगणार, एक बाई पाकिटावर काय काय छापावं लागतं ते सांगणार. अक्षर बरं म्हणून नावनोंदणी माझ्याकडे आली. मी मंडळापुढे म्हटलं, "नुसती नावं लिहून घेण्याऐवजी प्रत्येकीला फोन करून पाच गोष्टी विचारू या." शाळेतल्या दोघी बाई मदतीला आल्या. तीन संध्याकाळी आम्ही फोन करत बसलो.

प्रश्न साधेच होते. बिल्ल्यावर तुमचं नाव कसं लिहायचं? जेवणाचं काही पथ्य, उपास? सोबत कोण येणार आहे, मूल की म्हातारं माणूस? परतीची शेवटची एसटी किती वाजता? आणि इथं येऊन कुठल्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं तर तुमची खेप सार्थकी लागेल?

काय काय कळलं म्हणून सांगू! सभागृह गुरुवारी मोकळं होतं म्हणून मेळावा गुरुवारी ठरला होता. महिना मार्गशीर्ष. ज्या सद्गृहस्थांनी सभागृह मिळवून दिलं, त्यांच्या डोक्यात मार्गशीर्षातला गुरुवार कशाला येतोय? अर्ध्याअधिक बायकांचा उपास, संध्याकाळी घरी पूजा, हळदीकुंकू. मेळावा शनिवारवर नेला. तरी शनिवार करणाऱ्या चौघी निघाल्याच. त्यांच्यासाठी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी वेगळी सांगितली.

२०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून लांबच्या वाड्यांवरच्या बायकाही तालुक्याला येऊ लागल्या आहेत. पण एका मार्गाची शेवटची गाडी सव्वापाचला होती. आमच्या पत्रिकेत प्रमुख पाहुण्यांचं भाषण चारला आणि कर्जाची माहिती पाचला! म्हणजे ज्या बाईला कर्जाची खरी गरज, तीच ते ऐकायला नसणार. आम्ही कर्ज सकाळी घेतलं आणि प्रमुख पाहुण्यांना शेवटी. त्यांना थोडं लागलं असावं, पण कारण सांगितल्यावर ते हसले आणि "मीही एसटीनंच शिकलोय" म्हणाले.

नावाच्या प्रश्नावर तर मला फार गंमत वाटली. पहिल्या दमात बहुतेक सगळ्या 'सौ.' लावून यजमानांचं पूर्ण नाव सांगायच्या. मग मी विचारायची, "आणि तुम्हांला हाक कशी मारू?" की क्षणभर गप्प. एक म्हणाली, "सुमन लिहा. नुसतं सुमन. शाळेनंतर कुणी लिहिलंच नाही." दुसरी म्हणाली, "माझ्या लोणच्याचं नाव लिहा, त्या नावानंच मला ओळखतात!" एकीला 'सौ.' हवंच होतं, तिचं तसंच लिहिलं. जिला जे हवं ते. आपण कशाला कुणाला सुधारायला जा?

आणि एक फोन असा झाला, की त्यानंतर मी बराच वेळ दुसरा नंबर फिरवला नाही.

मसाल्याचं कांडपयंत्र चालवणाऱ्या एक वहिनी. बाजारच्या दिवशी त्यांच्या दारात रांग लागते. पाच प्रश्नांची उत्तरं देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, बाकी सगळं चालेल. फक्त तुमच्यात दारात हळदीकुंकू असतं, तेवढी वेळ टळली की मी येईन. नाहीतर मागच्या दारानं येते, कुणाला कळणार पण नाही." त्यांचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. आधी दोनदा त्या अशाच मेळाव्यांना आल्या होत्या, आणि दोन्ही वेळा समोरच्या रसवंतीत बसून राहिल्या होत्या, स्वागत आटपेपर्यंत.

म्हणजे आम्ही ज्याला स्वागत म्हणत होतो, तेच एका बाईला बाहेर थांबवत होतं. आणि दारात उभ्या असलेल्या कुणालाही ते दिसलं नव्हतं, कारण ती बाई दारापर्यंत येतच नव्हती.

मी हे मंडळात सांगितलं, अर्थात नाव न घेता. चर्चा झाली, चांगलीच झाली. मालतीकाकू म्हणाल्या, "शुभकार्य आहे. कुंकवाशिवाय बायकांचा मेळावा कसा?" त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्यांनी आयुष्यभर तेच शुभ मानलं. कुणीतरी हेरवाडची आठवण काढली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. काकू म्हणाल्या, "ठराव कागदावर असतात गं. मनाचं काय?"

शेवटी असं ठरलं, की दारात सगळ्यांना एकच : गुलाबपाणी, एक फूल आणि तिळाची वडी. कुंकवाचा करंडा आत आरशापाशी ठेवायचा, ज्या बाईला हवं तिनं आपल्या हातानं लावून घ्यावं. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुणाला वगळायचं नाही. मालतीकाकूंना हे पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. पण गुलाबदाणी त्यांनीच हातात घेतली.

त्या वहिनी साडेनऊलाच आल्या. पुढच्या दारानं. काकूंनी त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, फूल दिलं, आणि "मिरची यंदा फार महाग झाली हो," म्हणून पाच मिनिटं त्यांच्याशी मिरचीवर बोलत उभ्या राहिल्या. पुढे पाकिटावरच्या मजकुराचं व्याख्यान झालं. वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, अन्नपरवान्याचा क्रमांक, कुठली गोष्ट कुठं छापायची. सगळ्यांत नेमके प्रश्न याच वहिनींचे होते. त्या रसवंतीत बसून राहिल्या असत्या, तर नुकसान एकट्या त्यांचं झालं नसतं.

आता विचारण्याचीही एक रीत असते, तेही सांगून ठेवते. एका प्रदर्शनात हौसेनं फॉर्म भरला, फोन नंबर लिहिला, आणि तेव्हापासून फ्लॅट, विमा, कर्ज विकणाऱ्यांचे फोन मला ऐन फोडणीच्या वेळी येतात. तुमचंही तसंच होत असेल. कुणी आपल्याविषयी एवढं जाणून घेतं ते आपल्या सोयीसाठी की त्याच्या, हे बघायला हवं. २०२३ साली संसदेनं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचं सूत्र आपल्याला घरात कळतं तेवढंच सोपं आहे : माहिती कशासाठी हवी ते आधी सांगा, संमती घ्या, आणि काम झालं की ती ठेवून घेऊ नका. मेळावा झाल्यावर आम्ही आमचे ते कागद फाडून टाकले. कुणाला मधुमेह आहे, कुणाच्या घरी काय अडचण आहे, हे आम्हांला विश्वासानं सांगितलेलं होतं.

आणि ते चारचौघांत पुकारायचंही नसतं. "शुगरवाल्या बायकांनी इकडं या!" असं माइकवरून ओरडलेलं मी एका शिबिरात ऐकलं आहे. त्यापेक्षा ती बाई गोड खाऊन मोकळी झालेली परवडली! बिनसाखरेचा चहा टेबलाच्या एका कडेला ठेवा, पुढे छोटी चिठ्ठी लावा, जिला हवा ती घेईल.

तुमच्या मंडळाचा, शाळेचा, सोसायटीचा काही कार्यक्रम असला तर आणखी दोनचार गोष्टी उपयोगी पडतील. बिल्ल्यावर नाव मोठ्या मराठी अक्षरात लिहा, चारपाच हातांवरून वाचता आलं पाहिजे. बिल्ला टाचणीचा नको, दोऱ्याचा करा, रेशमी साडीला भोक पडलं तर त्या बाईचं लक्ष दिवसभर तिथंच. एक खोली अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी आणि लहान मुलांसाठी राखून ठेवा. ५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना २०१७ च्या कायदेदुरुस्तीनं पाळणाघर बंधनकारक केलं. आपल्या सभागृहाला तसं बंधन नसेल, पण एक सतरंजी, थोडी खेळणी आणि कॉलेजातल्या दोन मुली एवढ्यावर काम भागतं. न्हाणीघराला आतून कडी आहे ना, पाणी आहे ना, हे आदल्या दिवशी एका बाईनंच जाऊन बघावं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दहा खुर्च्या दाराजवळ असू द्या. यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही. आमच्या मेळाव्याचा खर्च पत्रिकेपेक्षा फोनवर कमीच झाला.

आणि आता आपल्याविषयी. फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना असतो, 'आपली काही विशेष गरज?' तिथं आपण काय लिहितो? 'काही नाही.' फोन करतानाही मला निम्म्या बायकांनी आधी हेच उत्तर दिलं. "आमचं काय, कसंही चालतं!" दुसऱ्यांदा विचारल्यावर मग हळूच निघायचं, की गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, तान्हं मूल आहे, साडेचारला निघावंच लागेल. हे 'कसंही चालतं' आपल्या इतकं अंगवळणी पडलंय, की आपल्याला काही हवं असतं हेच आपण विसरून जातो. मग समोरच्याला ते कसं कळावं?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'नक्की यायचं हं!' म्हणून पत्रिका दिली, की तुम्हीही लगेच विचारा, "किती वाजता संपणार? माझी गाडी साडेपाचची आहे." आणि तो शेवटचा रकाना कोरा सोडू नका. मुलगा तीन वर्षांचा आहे, तो बरोबर येईल. मला कर्जाचं व्याख्यान ऐकायचं आहे. माझं नाव असं असं आहे. एवढं नीट, वाचता येईल अशा अक्षरात लिहा बघू.